मुलीचे चुलते

माधुरीनं तबकातली निळी पट्टी उचलली, हनुमंतच्या मनगटापर्यंत नेली, आणि तिचा हात तिथंच घुटमळला.

तबक हळदीकुंकवाचंच होतं, पण आज त्यात तीन रंगांच्या कागदी पट्ट्या होत्या. लाल घरच्यांना, पिवळी पाहुण्यांना, आणि निळी ड्रायव्हर, आचारी, वाढपी अशा कामावरच्या माणसांना. लग्नाला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला ती बांधायची, असा पुण्याहून बोलावलेल्या सुरक्षावाल्या मेजरसाहेबांचा नियम होता. लेकीच्या लग्नात अक्षता वाटायच्या आधी पट्ट्या वाटाव्या लागतील असं माधुरीला पूर्वी कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण पैसा आला की भीतीही मुक्कामाला येते, आणि या घरात ती आठ वर्षं मुक्काम ठोकून होती.

"आप्पा, तुम्हाला... निळीच बांधते हं," ती खाली बघत म्हणाली. "आजचाच दिवस."

"बांध की," हनुमंत म्हणाला. "रंगाचं काय एवढं."

त्याच्या अंगावर ड्रायव्हरचा पांढरा गणवेश होता. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आपण आचाऱ्यांच्या रांगेत बसवतोय हे माधुरीला कळत नव्हतं असं नाही. पट्टी बांधून झाल्यावर तिनं वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि घाईनं आत निघून गेली. तेवढ्यात दोन्ही हातांत दोन मोबाईल घेऊन वैजनाथ बाहेर आला. लेकीचा बाप, पण चेहऱ्यावर लग्नाचा आनंद औषधालाही नव्हता.

"दादा, एक सांगायचं राहिलं," तो मोबाईलकडे बघतच म्हणाला. "भेटाभेटीला कारभारीला उभा करतोय. चुलता म्हणून."

वऱ्हाड मांडवदारी आलं की दोन्हीकडची नात्याची माणसं समोरासमोर येतात, माईकवरून पुकारा होतो, व्याह्याला व्याही भेटतो, मामाला मामा भेटतो, चुलत्याला चुलता. टोपी-उपरण्याचा मान होतो, गळाभेट होते, आणि हा माणूस या मुलीचा कोण, हे सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या देखत एकदाचं ठरून जातं. पत्रिकेत आपलं नाव नाही, हे हनुमंतनं गिळलं होतं. साखरपुड्याला तो गाडीत बसून राहिला, तेही गिळलं होतं. पण या एका भेटीसाठी त्याचा जीव आत कुठंतरी अडकून होता... त्या मिनिटभरापुरतं तरी वैजनाथ म्हणेल, "दादा, ये!" असं त्याला वेड्यासारखं वाटत राहिलं होतं. आणि आता त्याच्या जागी खर्ड्याहून आलेला चुलतभाऊ कारभारी उभा राहणार होता.

"मला वाटलं हुतं..." हनुमंत म्हणाला आणि थांबला.

"परवा पुन्हा त्या माणसाचा फोन आला होता, दादा. 'लग्नात भेटू' म्हणाला आणि ठेवून दिला. आठ वर्षं तू कोण आहेस ते बाहेर कुणाला कळलं नाही, म्हणून तू पोरीच्या सावलीला राहू शकलास. आज सगळ्यांसमोर उभा राहिलास तर..."

"बराबर हाय तुजं," हनुमंत म्हणाला. "चल, गाडी काढतो."

आईबाप गेले तेव्हा वैजनाथ चौथीत होता आणि हनुमंतला नुकतं मिसरूड फुटत होतं. खर्ड्याजवळच्या त्या कोरड्या शिवारात धाकट्याचं काही व्हायचं नाही हे ओळखून हनुमंत फौजेत ड्रायव्हर झाला, भावाला नगरला शिकायला ठेवलं, त्याच्या कारखान्यासाठी आपल्या वाटणीच्या जमिनीवर डोळे झाकून सही केली. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, आणि बाळही. पुन्हा लग्नाचं नाव त्यानं काढलं नाही. फौजेतून परतला तेव्हा नागापूरच्या एमआयडीसीत वैजनाथच्या ठिबकच्या नळ्यांचा कारखाना जोरात होता, आणि घरात एक नकटी, हट्टी, गुळाचा खडा मागत मागं मागं फिरणारी पुतणी होती... पूजा. रिकाम्या झालेल्या त्या काळजात ती अशी जाऊन बसली की हनुमंतला पुन्हा स्वतःसाठी काही मागावंसंच वाटलं नाही.

मग ते फोन सुरू झाले. पूजा शाळेतून कधी सुटते, कोणत्या रंगाचं दप्तर नेते, हे फोनवरचा माणूस सांगायचा. दोन मोटारसायकली तिच्या गाडीमागं केडगावपर्यंत आल्या. तेव्हा मेजरसाहेब पहिल्यांदा घरी आले आणि म्हणाले, "घरातला माणूस सोबत दिला, की तोही सावज होतो. ड्रायव्हरच्या तोंडाकडे मात्र कुणी बघत नाही." वैजनाथ डोकं धरून बसला होता. हनुमंतच पुढं झाला.

"मग मी डायव्हर हुतो," तो म्हणाला. "गाडीच चालवत आलोय आयुष्यभर. भाऊ हाय म्हून कुनाला सांगायचं न्हाई, झालं."

त्या दिवशी पूजा त्याच्या गळ्यात पडून रडली होती, कारण घराबाहेर 'आप्पा' म्हणायचं नाही असं तिला बजावलं होतं. सुरुवातीला बाहेर "हनुमंत, गाडी काढ" म्हणणारा वैजनाथ घरात आल्यावर दार लावून म्हणायचा, "दादा, माफ कर." पुढं माफी मागणं मागं पडलं. पुढं हनुमंतची खोली फाटकाजवळ गेली, कारण रखवालीला तिथून बरं पडतं. पुढं त्याचं ताट तिकडंच जाऊ लागलं, कारण रोज पाहुणे असायचे. यातलं कुणीही मुद्दाम केलं नव्हतं, आणि म्हणूनच भांडायचं कुणाशी हे हनुमंतला कधी कळलं नाही. पूजा पुण्याला कॉलेजात असताना एकदा मैत्रिणींना म्हणाली, "हे आमचे ड्रायव्हर काका." पोरगी शिकवलेलं नीट पाळतेय याचा त्याला अभिमान वाटला, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आज ती मागच्या सीटवर नवरी होऊन बसली होती. शेजारी मैत्रीण दिपाली होती, पलीकडे माधुरी. आरशात पूजाची आणि त्याची नजरानजर झाली. ती काहीतरी बोलणार असं त्याला वाटलं.

"काका," ती म्हणाली, "एसी थोडा कमी करा."

त्यानं कमी केला.

माधुरी सबंध वाटभर कुरकुरत होती. मुहूर्ताआधी पूजाला केडगावच्या देवीला नेऊन ओटी भरायची, हे तिनं वर्षभर मनात धरलं होतं, आणि मेजरसाहेबांनी ऐन वेळी ते रद्द केलं होतं. आठवडाभर भेटेल त्या पाहुण्याला, फोन येईल त्या नातेवाइकाला ती एकच गाऱ्हाणं सांगत होती, की माझ्या लेकीची देवीची ओटी राहिली हो. सगळ्या घरादाराची तोंडं मेजरसाहेबांनी बंद केली होती, पण देवीच्या ओटीत लपवायचं काय असतं, असं तिला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर वैजनाथलाही तसंच वाटत होतं.

पुणे रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाच्या फाटकात सुरक्षावाले माणसांच्या पट्ट्या बघून आत सोडत होते, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावत होते. जावयांना तपासलं म्हणून दोन जावई आधीच रुसून बसले होते. हनुमंतनं पूजाला मागच्या दाराशी, नवरीच्या खोलीपाशी उतरवलं. ती शालू सावरत आत गेली, मागं न बघता. पाठवणीपर्यंत नवरी या खोलीतून मांडवाशिवाय कुठंही जाणार नाही, हे मेजरसाहेबांनी त्याला दोनदा सांगितलं होतं.

ड्रायव्हर लोकांसाठी चिंचेखाली पत्र्याची शेड होती. हनुमंत तिथं जाऊन बाकावर बसला. ड्रायव्हर लोकांत नाव नंतर विचारतात, आधी गाडी विचारतात. "कुनाची गाडी?" एवढ्यावर ओळख होते, चहा होतो, तंबाखू मळली जाते. शेजारी तिशीतला एक जण उभा होता. कोरा पांढरा गणवेश, हातात निळी पट्टी, कपाळावर घाम.

"कुनाची गाडी, पाव्हनं?" हनुमंतनं विचारलं.

"मुलीच्या बापाची," तो म्हणाला. "साहेबांची खास गाडी माझ्याकडंच असती."

हनुमंतच्या हातातला चहा तसाच राहिला.

मुलीच्या बापाची गाडी! तिची किल्ली तर या घटकेला हनुमंतच्या खिशात होती. पण माणसाचं मन कसं असतं बघा... धोका आहे हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की वैजनाथनं दुसरा माणूस ठेवला! पत्रिकेतून काढलं, भेटीतून काढलं, आता गाडीवरूनही काढलं, आणि सांगायचीसुद्धा गरज वाटली नाही. आठ वर्षं जो सगळं हसून गिळत होता, त्याच्या घशाशी ते सगळं एकदम दाटून आलं. तो मान खाली घालून बसून राहिला. त्या माणसाला दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, तो त्यानं विचारला नाही. दुखावलेपण कुरवाळत तो बसला, आणि तेवढ्यात वऱ्हाडाचा बँड फाटकाशी वाजायला लागला.

सगळं कार्यालय पुढच्या दाराकडे लोटलं. शेडमधले ड्रायव्हरही उठून बघायला गेले. हनुमंतनं मान वर केली, तर तो माणूस एका पांढऱ्या गाडीत बसत होता. गाडी पुढं निघाली नाही. ती कार्यालयाच्या मागं वळली, नवरीच्या खोलीकडे.

पाठवणीपर्यंत नवरी कुठंही जाणार नाही.

हनुमंत पळत सुटला. मागच्या अंगणात दोरी बांधून सुरक्षेचा एक तरुण पोरगा उभा होता. त्यानं हात आडवा केला.

"ड्रायव्हर ना? गाडी असली तरच आत जाता येतं. चालत नाही."

"आरं, आत्ता गाडी गेली ती कुनी सोडली? पोरीला न्यायला लागलाय त्यो!"

"नवरीला देवीला न्यायचंय, साहेबांचा निरोप आहे म्हणाला. पट्टी होती त्याच्याकडे. तुम्ही बाजूला व्हा बघू. तुम्ही कोण लागता नवरीचे?"

आठ वर्षांत हा प्रश्न त्याला कितीदा तरी विचारला गेला होता, शाळेच्या दारात, दवाखान्यात, कॉलेजच्या आवारात, आणि प्रत्येक वेळी ओठांवर आलेलं उत्तर त्यानं परतवून लावलं होतं.

"मी आप्पा हाय तिचा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "सख्खा चुलता हाय मी तिचा. सोड मला!"

पोरानं त्याच्या मनगटावरच्या पट्टीकडे बघितलं आणि त्याला हसू आलं. हनुमंतनं दोरी वर केली, खालून वाकून आत शिरला आणि साठीला टेकलेले पाय नेतील तितक्या जोरात धावला.

गाडीचं मागचं दार उघडं होतं. ओटीचं ताट धरून दिपाली उभी होती. पूजाचा चेहरा उजळला होता, शेवटी बाबांनी आईचं ऐकलं म्हणून. तिनं एक पाऊल गाडीत ठेवलं होतं.

"पूजा, बसू नगं गाडीत!"

ती तिथंच थिजली. घराबाहेर त्याच्या तोंडून आपलं नाव तिनं आठ वर्षांत ऐकलं नव्हतं. का, काय, काही न विचारता तिनं पाऊल मागं घेतलं. हनुमंतनं मध्ये घुसून तिला पाठीमागं लोटलं आणि उघडं दार दोन्ही हातांनी धरलं. गाडीनं उसळी घेतली. दारानं त्याला फरफटत नेलं, मागचं चाक त्याच्या डाव्या पावलावरून गेलं, आणि तो अंगणातल्या फरशीवर कोसळला. गाडी दोरी तोडून फाटकाकडे सुसाट गेली, पण तिथं वऱ्हाडाची गर्दी होती, बँड होता, रस्ताच नव्हता. माणसांनी दार उघडून त्या ड्रायव्हरला बाहेर ओढलं.

पूजाला मात्र यातलं काही दिसलं नाही. ती शालूसकट जमिनीवर बसली होती, आणि हनुमंतचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

थोड्याच वेळात सगळं लग्न तिथं गोळा झालं. पाहुण्यांतल्या एका डॉक्टरांनी पावलाला घट्ट बांधलं, हाड मोडलंय म्हणाले, दवाखान्यात न्यायला हवं. वैजनाथ गर्दी फोडत आला, लेकीला चाचपून बघितलं, आणि मग त्याची नजर खाली गेली. सुरक्षेचा तो पोरगा धापा टाकत म्हणत होता, "साहेब, माझी चूक झाली. मी या ड्रायव्हरला अडवलं. पण हा म्हणत होता की मी नवरीचा सख्खा चुलता आहे..."

मुलाकडची माणसं वैजनाथकडे बघू लागली. ओंकार, नवरदेव, मुंडावळ्या बांधलेला तसाच येऊन उभा होता. आठ वर्षं राखलेलं गुपित, सख्खा भाऊ नाही असं बोलणीत सांगितलेलं खोटं, व्याह्यांसमोरची अब्रू... सगळं वैजनाथच्या तोंडावर दिसत होतं. हनुमंतनं ते खालूनच वाचलं. चौथीतला वैजनाथ चोरी पकडल्यावर असाच उभा राहायचा.

"तोंडातनं गेलं, साहेब," हनुमंत म्हणाला. "मी डायव्हरच हाय. पोरीच्या भ्यावानं कायबाय बोललो. तुमी वऱ्हाड घ्या आत."

हे ऐकलं आणि पूजाचा बांध फुटला.

"नका ना असं बोलू, आप्पा..." ती हुंदके देत म्हणाली. "मी विसरले नव्हते हो. मला वाटायचं, तुम्हालाच मी हाक मारलेली नको आहे. घरातसुद्धा तुम्ही मला ताई म्हणायला लागलात, मग मी काय करायचं होतं? आज गाडीत आरशात बघून म्हणणारच होते... आणि तोंडातून एसीचंच निघालं."

माधुरी तोंडात पदर कोंबून रडत होती. "देवीच्या ओटीचं मीच सगळ्यांना सांगत सुटले," ती म्हणत होती. "माझ्या तोंडानं घात केला."

वैजनाथ हळूहळू गुडघ्यांवर बसला. नवा कोट, उपरणं, सगळं मातीत. त्यानं भावाचा हात हातात घेतला, त्यावरची निळी पट्टी त्याला आता दिसली, आणि त्यानं ती तोडून टाकली.

"दादा, मी स्वतःला सांगत आलो की पूजासाठी तुला लपवतोय," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी ते खरं होतं. मग मला सवय झाली. मोठ्या लोकांत बसायला लागलो, आणि भाऊ काय करतो असं कुणी विचारलं, की तू लपलेलाच बरा वाटायला लागला मला. फोनवरच्या त्या माणसानं माझं काही नेलं नाही रे. मीच तुला घरातून घालवून बसलो..."

हनुमंतनं दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"गप," तो म्हणाला. "लेकीचा मुहूर्त हाय. रडायला काय, दवाखान्यात मोप वेळ मिळंल."

"मुहूर्त थांबेल," पूजा म्हणाली. "माझी भेटाभेटी झाल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही. आणि माझा चुलता उभा राहिल्याशिवाय भेटाभेटी होणार नाही."

"त्याला उभं राहता येणार नाही, बाळ," डॉक्टर म्हणाले.

"मग खुर्चीत बसू द्या," ओंकार पुढं होत म्हणाला, आणि खुर्ची आणायला तो स्वतःच गेला.

मांडवदारी खुर्ची मांडली. कारभारी आला, डोक्यावरचा मानाचा फेटा त्यानं दोन्ही हातांनी उतरवला आणि हनुमंतच्या डोक्यावर ठेवला.

"सकाळधरनं डोसक्यावर धोंडा ठेवल्यावानी हुतं मला," तो म्हणाला. "तुजं तू सांभाळ, भाऊ."

माईकवरच्या गुरुजींनी घसा साफ केला आणि रिवाजाप्रमाणे पुकारा केला, "मुलीचे वडील, वैजनाथराव..."

"थांबा, गुरुजी," वैजनाथ म्हणाला. तो खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. "आमच्यात बापाच्या जागी दादा आहे. आधी थोरले."

मुलाकडून राधाकृष्णराव पुढं आले, ओंकारचे थोरले चुलते, सत्तरीचे, काठी टेकत चालणारे. त्यांनी काठी बाजूच्या माणसाकडे दिली, हनुमंतच्या खांद्यावर उपरणं घातलं, आणि खुर्चीतल्या माणसाला भेटायला ते कष्टानं वाकले. दोघांच्या छात्या एकमेकींना लागल्या. पाय ठणकत होता म्हणून हनुमंतचे डोळे भरून आले होते, की या भेटीमुळं, की दोन्हीमुळं, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"पाव्हनं," राधाकृष्णराव त्याच्या कानाशी हळूच म्हणाले, "बोलणीला दिसला न्हाई, साखरपुड्याला दिसला न्हाई. इतके दिवस कुठं हुता हो तुमी?"

"हुतो की," हनुमंत म्हणाला. "दोन्ही बारीला तितंच हुतो. बाहेर, गाडीत."

राधाकृष्णरावांनी मिठी सोडली नाही, आणि गुरुजी पुढचं नाव घ्यायचं थांबले.